ओळीत न आलेल्या पेशी

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. रक्तवाहिन्यांना आतून एकाच थराच्या पेशींचं अस्तर असतं. या एंडोथेलियल पेशी हा तिचा विषय. नाळेतल्या शिरेपासून मिळवलेल्या पेशी ती काचेच्या स्लाइडवर वाढवते, वरून चपट्या खाचेचं उपकरण बसवते आणि पंपाने त्यातून २४ तास मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारा द्रव, वाहतं ठेवते. पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने ओळीत याव्यात, अशी अपेक्षा. तिच्या स्लाइडवर मधल्या पट्ट्यात त्या बऱ्यापैकी ओळीत येतात, पण दोन्ही कडांना आणि मीडियम आत शिरतं त्या टोकाला फरसबंदीसारख्याच राहतात. शिवाय फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचा लेप दिलेल्या स्लाइडवर दाहाच्या खुणा वाढलेल्या दिसतात, कोलॅजन या दुसऱ्या प्रथिनाच्या लेपावर दिसत नाहीत. गाईड सरांचं म्हणणं, 'हात अजून बसलेला नाही, पुन्हा कर.' चार महिने हेच चाललं आहे. लॅबमधल्या एका सिनियरने सुचवलं की मधल्या पट्ट्याचेच फोटो घे, सगळे तेच करतात. ती विचारते : तसं करू का? सरांशी बोलू तर काय बोलू? की माझ्या हातालाच गुण नाही असं समजून विषय सोडून देऊ?

प्रिय मुली,

वयाने बरीच मोठी आहे आणि अशाच स्लाइड बघण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, म्हणून एकेरीत लिहिते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझा थकवा दिसला. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, ही मुलगी ज्याला चूक म्हणते आहे ते फार नीट बघितलेलं आहे. पेशी कुठे ओळीत आल्या, कुठे नाहीत, कुठल्या लेपावर काय झालं, हे सगळं तू पत्रात सांगू शकलीस, कारण तू पूर्ण स्लाइड बघितलीस. ज्याचा हात बसलेला नसतो त्याच्या स्लाइडवर सगळीकडे गोंधळ असतो. तुझ्या स्लाइडवर गोंधळाची जागा ठरलेली आहे. दर वेळी त्याच कडा आणि तेच टोक. हे आधी मनात पक्कं कर, मग पुढचं वाच.

तुझ्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : प्रवाह दिला की पेशी ओळीत यायलाच हव्यात, आणि नाही आल्या तर प्रयोग फसला. हे चित्र कुठून आलं? १९८१ च्या सुमाराला गायीच्या महाधमनीतल्या पेशी प्लेटवर वाढवून त्यांच्या वर शंकू फिरवत प्रवाह देण्याचे प्रयोग झाले. पेशी हळूहळू लांबट झाल्या आणि प्रवाहाच्या दिशेने वळल्या. ते चित्र इतकं देखणं आहे की पाठ्यपुस्तकात तेच छापलं गेलं आणि आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तेच बसलं. चित्र खरंच आहे. पण ते सरळ, एकाच दिशेने, पुरेशा जोराने वाहणाऱ्या प्रवाहाचं आहे. त्याच गटातल्या संशोधकांनी १९८६ मध्ये खळबळता प्रवाह दिला तेव्हा घासत जाणाऱ्या द्रवाचा ताण अगदी कमी असूनही पेशी विभागू लागल्या, आणि ओळीत मात्र आल्या नाहीत.

शरीरातही तसंच आहे. मानेतली धमनी जिथे दुभंगते तिथे आतली कड आणि बाहेरची कड यांच्या नशिबी वेगवेगळा प्रवाह येतो. आतल्या कडेवरून रक्त जोरात, सरळ जातं. बाहेरच्या कडेला ते रेंगाळतं, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी पुढे जातं, थोडं मागे येतं. आतल्या कडेच्या पेशी लांबट आणि शांत असतात. बाहेरच्या कडेच्या पेशी तुझ्या स्लाइडच्या कडेला दिसतात तशाच, फरसबंदीसारख्या. दोन्ही एकाच माणसाच्या, एकाच वाहिनीत, एकमेकींपासून काही मिलिमीटर दूर. त्यांत चुकलेली कोणती, हा प्रश्नच तिथे लागू पडत नाही.

धमनीत मेदाचा थर कुठे धरतो, यावरून मोठा वाद झाला होता. १९६८ मध्ये डोनाल्ड फ्राय यांनी दाखवलं की फार जोराच्या प्रवाहाने अस्तराच्या पेशी खरवडल्या जातात, आणि धमनीतला मेदाचा थर अशाच इजेतून सुरू होत असावा असा तर्क पुढे आला. पुढच्याच वर्षी कॉलिन कॅरो आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या धमन्यांत सुरुवातीचे थर कुठे दिसतात ते मांडलं. ते जोराच्या जागी नव्हते, उलट भिंतीवरचा ताण जिथे कमी तिथेच होते. १९८५ मध्ये डेव्हिड कू आणि सहकाऱ्यांनी मानेच्या धमनीच्या प्रतिकृतीत ताण मोजून खऱ्या धमन्यांतल्या थराच्या जाडीशी ताडून पाहिला. ताण कमी आणि दिशा पुढेमागे होणारी, तिथेच थर जाड. या सगळ्या कामाचा जीव दोन्ही जागा शेजारी ठेवून बघण्यात आहे. कोणी फक्त निरोगी दिसणाऱ्या सरळ भागाचीच नोंद केली असती तर सांगण्यासारखं काही हाती लागलंच नसतं. तुझ्या सिनियरचा सल्ला ऐकताना हे डोळ्यासमोर ठेव.

आता सरांच्या म्हणण्याकडे येते, कारण त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. हाताचा भाग असतोच. रॉबर्ट फर्चगॉट यांची गोष्ट तुला ठाऊक असेल, तरी या निमित्ताने पुन्हा आठव. सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या कापून त्यांवर ॲसिटिलकोलीन हे रसायन टाकलं की त्या आकसायच्या. अनेक वर्षं तेच दिसत होतं. पुढे धमनीची कडी कापून तोच प्रयोग केला तर ती सैल पडली. औषध तेच आणि धमनीही तीच. फरक निघाला तो हाताच्या कामात. पट्टी कापताना आतली बाजू कशाला तरी घासली जायची आणि अस्तराच्या पेशी पुसून जायच्या. फर्चगॉट यांनी मग मुद्दाम अस्तर घासून काढून पाहिलं, सैलावणं गेलं. अस्तर नसलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला चिकटवून ठेवली, ते परत आलं. म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटून स्नायूपर्यंत पोचत होतं. सहकारी झवाडझ्की यांच्यासोबतचा तो लेख १९८० चा. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हे पुढे ठरलं, आणि १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांना नोबेल मिळालं.

ही गोष्ट मी तुला धीर द्यायला सांगत नाही. त्यातलं काम बघ. दोन निकाल जुळले नाहीत तेव्हा फर्चगॉट यांनी जुना प्रयोग जसाच्या तसा पुन्हा केला नाही आणि नवा निकाल टाकूनही दिला नाही. हातातला नेमका कोणता फरक निकाल बदलतो ते शोधलं, आणि मग तो फरक मुद्दाम घडवून पाहिला. सरांचं 'पुन्हा कर' आणि हे, यांत अंतर आहे. चार महिने तू तेच पुन्हा करते आहेस. आता वेगळं कर.

सगळ्यात आधी खरा ताण किती आहे तो मोज. शिअर म्हणजे वाहता द्रव पेशीच्या पाठीवरून घासत जाताना जो ताण देतो तो. तू १२ डाइन प्रति चौरस सेंटिमीटर लिहिलं आहेस. धमन्यांत तो साधारण १० ते ७० असतो, शिरांमध्ये १ ते ६, म्हणजे तुझा आकडा धमनीच्या बाजूचा आहे. पण हे १२ आले कुठून? चपट्या खाचेचं सूत्र तुला पाठ असेल : सहा गुणिले चिकटता गुणिले प्रवाह, भागिले रुंदी आणि उंचीचा वर्ग यांचा गुणाकार. यात दोन ठिकाणी बहुतेक सगळ्यांचा पाय घसरतो. पहिली जागा चिकटता. पाण्याची चिकटता २० अंशांना १ मिलिपास्कल-सेकंद, पण ३७ अंशांना सुमारे ०.७. सूत्रात तू १ घातलंस आणि उपकरण इन्क्युबेटरमध्ये ठेवलंस, तर १२ समजून तू ८.४ देते आहेस. दुसरी जागा उंची, आणि ही जास्त फसवी, कारण तिचा वर्ग होतो. खाच ०.४ मिलिमीटर उंच आहे असं कागदावर असतं. स्क्रू आवळताना रबराची गॅस्केट दबून ती ०.३५ झाली की १२ चे जवळपास १६ होतात. एका दिवशी स्क्रू घट्ट, दुसऱ्या दिवशी सैल, की दोन दिवसांचे दोन निकाल. हे हाताचंच काम आहे, पण हातगुणाचं नाही, मोजण्याचं आहे. बंद केलेल्या खाचेची उंची मायक्रोस्कोपखाली वरच्या आणि खालच्या काचेवर फोकस करून मोजता येते. खाचेत द्रव भरलेला असेल तर फोकसच्या आकड्याला द्रवाच्या अपवर्तनांकाची दुरुस्ती लागते, ती विसरू नकोस.

आता कडा. ते सूत्र खाच अनंत रुंद आहे असं मानतं. खरी खाच तशी नसते. बाजूच्या भिंती द्रवाला धरून ठेवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना साधारण खाचेच्या उंचीएवढ्या पट्ट्यात ताण घसरत जातो आणि कोपऱ्यात जवळपास शून्य होतो. तुझी खाच ५ मिलिमीटर रुंद आणि ०.४ उंच असेल, तर दोन्ही कडा मिळून ०.८ मिलिमीटर, म्हणजे रुंदीचा सहावा हिस्सा, सूत्राबाहेर राहतो. तिथल्या पेशींना १२ मिळालेलेच नाहीत. मीडियम शिरतं त्या टोकाचंही तसंच. नळीतून आलेला झोत काचेवर आदळतो, वळतो, भोवरा घेतो आणि मग सरळ होतो. त्या पहिल्या काही मिलिमीटरमधल्या पेशींना मानेच्या धमनीतल्या बाहेरच्या कडेसारखं वातावरण मिळतं. तू न मागता एकाच स्लाइडवर दोन प्रयोग केले आहेस.

मला हे कसं कळलं ते सांगते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत आमच्याकडे पंप नव्हता. पेशींची डिश गोल फिरणाऱ्या शेकरवर ठेवायचो आणि 'प्रवाह दिला' असं वहीत लिहायचो. मी डिशच्या मध्यभागी बघायची, माझी सहकारी सवयीने कडेला बघायची. तिच्या पेशी कडेलगत गोलाकार ओळीत, माझ्या विस्कटलेल्या. दोघींमध्ये दोन आठवडे अबोला होता. मग एका संध्याकाळी आम्ही एकच डिश घेऊन मध्यापासून कडेपर्यंत मिलिमीटर मिलिमीटर सरकत गेलो. मध्यभागी द्रव कमी ताणाने सतत दिशा बदलत डुचमळत होता, कडेला एकाच दिशेने जोरात फिरत होता. पेशी मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू बदलत गेलेल्या दिसल्या. दोघींच्या नोंदी खऱ्या होत्या.

म्हणून तुला पहिलं काम सांगते. मीडियममध्ये सूक्ष्म मणी सोड आणि पेशींशिवायच्या रिकाम्या खाचेत ते कसे जातात ते बघ. मध्ये ते सरळ जातील, कडेला रेंगाळतील, टोकाला फिरतील. पंप रोलरचा असेल तर मणी धक्क्याधक्क्याने पुढे जाताना दिसतील. मग पंप आणि खाच यांच्यामध्ये हवेची कुपी बसवून धक्के मऊ करावे लागतील. बुडबुडाही लक्षात ठेव. एक बुडबुडा खाचेतून गेला की मागे पेशी खरवडलेली वाट उरते, आणि त्या वाटेच्या दोन्ही बाजूंच्या पेशी पुढचा दिवस ती जखम भरून काढण्यात घालवतात. तशा स्लाइडवरून प्रवाहाबद्दल काहीच बोलता येत नाही. मीडियम आधी ३७ अंशांना तापवून, विरघळलेली हवा निघून जाऊ देऊन मगच जोडावं.

वेळेचं थोडक्यात. पेशीला प्रवाह कळतो तो एकाच कानाने नाही. पृष्ठभागावरचा साखरेच्या साखळ्यांचा लव्हाळा, पीझो-१ सारखी ताणाने उघडणारी पेशीच्या पडद्यातली दारं, शेजारणीशी जोडणाऱ्या सांध्यावरची पेकॅम-१, व्हीई-कॅडहेरिन आणि व्हीईजीएफ ग्राहक-२ ही प्रथिनांची तिकडी, जी २००५ मध्ये पुढे आली, आणि आतला सांगाडा. कॅल्शियम काही सेकंदांत हलतं, नायट्रिक ऑक्साइड लगोलग सुटू लागतं, केएलएफ-२ सारखी पेशीला शांत ठेवणारी जनुकं काही तासांत वाढतात, आणि आकार बदलायला दिवस-दोन दिवस लागतात. २४ तासांना अर्धवट वळलेल्या पेशी दिसणं यात वावगं काही नाही. एक संच ४८ तासांचा ठेव.

सांध्यांवरून आठवलं, पेशी किती दाट लावतेस? विरळ लावलेल्या पेशींना शेजारीणच नसते, मग सांध्यावरची तिकडी जुळणार कुठून? कड भरलेली आणि मध्य विरळ, किंवा उलटं, असं असेल तर तू प्रवाह आणि दाटी यांची सरमिसळ करते आहेस. पंप लावण्याआधीचा फोटो दर वेळी काढून ठेव. पॅसेजचा आकडाही, म्हणजे पेशी कितव्यांदा उचलून लावल्या तो, लिहून ठेव. नाळेतल्या शिरेच्या पेशी जितक्या वेळा उचलून पुन्हा लावाव्यात तितक्या आपलं मूळ वागणं सोडत जातात.

आणि मूळ वागणं म्हणजे तरी काय? प्रत्येक वाहिनीच्या पेशीची प्रवाहाची आपली आवड असते. २०१५ मध्ये दिसून आलं की लसिकावाहिन्यांच्या पेशी रक्तवाहिन्यांच्या पेशींपेक्षा कमी ताणालाच ओळीत येतात, कारण त्यांच्यात व्हीईजीएफ ग्राहक-३ जास्त असतो. डुकराच्या महाधमनीच्या झडपेवरच्या पेशी तर २००४ च्या प्रयोगात प्रवाहाला आडव्या लागल्या, त्याच उपकरणात महाधमनीच्या पेशी प्रवाहाच्या दिशेने लागत असताना. झडपेची पेशी 'चुकीची' वागली असं त्या प्रयोगात कोणी लिहिलं नाही. ओळीत येणं म्हणजे शहाणपणा आणि न येणं म्हणजे खोडी, हा शाळेचा नियम आपण पेशींना लावतो, तो काढून टाकायला हवा.

आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ, जी तू शेवटी, जवळजवळ माफी मागत लिहिली आहेस. फायब्रोनेक्टिनवर दाहाच्या खुणा, कोलॅजनवर नाही. अगं, हे २००५ मध्ये अँथनी ऑर, मार्टिन श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलेलं आहे! फायब्रोनेक्टिनवर बसलेल्या पेशींना प्रवाह दिला की एनएफ-कप्पा-बी हा जनुकं चालू करणारा प्रथिनांचा संच जागा होतो आणि दाहाची जनुकं चालू होतात. कोलॅजनवर किंवा अस्तराखालच्या पायाभूत पडद्यातल्या प्रथिनांवर बसलेल्या पेशींमध्ये तसं होत नाही. प्रवाह एकच, बैठक वेगळी. निरोगी वाहिनीत अस्तराखाली लॅमिनिन हे प्रथिन आणि चौथ्या प्रकारचं कोलॅजन असतं. प्रवाह विस्कटलेल्या जागी आणि इजा झालेल्या जागी फायब्रोनेक्टिन साठतं. म्हणजे पेशी खालून काय हाताला लागतं यावरून ठरवते की वरून येणारा धक्का रोजचा आहे की संकटाचा. तुला चार महिने जो गोंधळ वाटला त्यातला हा भाग तुझ्या हाताने बरोबर पकडला. लेप, पेशी आणि पॅसेज यांचा नीट मेळ घालून हे तीनदा दाखव, आणि प्रवाह न दिलेल्या स्लाइडही दोन्ही लेपांवर सोबत ठेव. त्यांच्याशिवाय हा फरक प्रवाहाचा की नुसत्या लेपाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. एवढं जपून घे की पेशी स्वतःही फायब्रोनेक्टिन विणतात, त्यामुळे कोलॅजनची स्लाइड फार दिवस ठेवली तर ती कोलॅजनची राहत नाही.

बैठकीचा कडकपणाही आहे. काच गिगापास्कलमध्ये मोजतात, धमनीचा आतला थर किलोपास्कलमध्ये. आपण त्या पेशींना खडकावर बसवतो आणि गादीवरच्या वागण्याची अपेक्षा करतो. वयानुसार धमनीचा आतला थर कडक होतो, आणि कडक बैठकीवर पेशींमधले सांधे ढिले पडून थर जास्त गळका होतो, हे २०११ मध्ये दाखवलेलं आहे. सगळ्यांना मऊ जेलवर काम करणं जमत नाही, तुलाही लगेच करायची गरज नाही. पण प्रबंधात 'काचेवर' हा शब्द लाजून लपवू नकोस, तो निकालाचा भाग आहे.

तर मग फोटोंचं काय? सिनियरच्या सल्ल्यात एक कण खरा आहे, तो वेगळा काढू या. सूत्र मधल्या पट्ट्यालाच लागू पडतं, म्हणून मोजमाप मधल्या पट्ट्यातच करणं योग्य आहे. पण ते कधी आणि कसं ठरवायचं यावर सगळं अवलंबून आहे. पेशी बघण्याआधी तू लिहिलंस की 'दोन्ही कडांचे ०.५ मिलिमीटर आणि टोकाचे ५ मिलिमीटर वगळून उरलेल्या भागातून ठरावीक अंतरावरची दहा क्षेत्रं घेतली', तर ती पद्धत झाली, आणि ती पद्धतीच्या भागात जशीच्या तशी छापायची. स्लाइड बघून, जिथे पेशी सुंदर दिसल्या तिथे कॅमेरा लावला, तर तो खोटेपणा आहे, मग तो पट्टा मधला असला तरी. फोटो दोन्ही वेळा सारखेच दिसतील. पण दुसऱ्या वेळी तुझे आकडे घेऊन पुढे जाणारा कोणी तरी चार महिने तुझ्यासारखाच स्वतःच्या हाताला दोष देत बसेल. तू आत्ता ज्यात अडकली आहेस ते कदाचित अशाच कोणाच्या निवडलेल्या फोटोंमुळे. म्हणून हे करू नकोस. पेशी प्रवाहाशी किती कोनात आहेत ते मोजतानाही जमलं तर फोटोंची नावं झाकून दुसऱ्या कोणाला तरी मोजायला दे.

सिनियरशी भांडूही नकोस. 'सगळे करतात' असं म्हणणाऱ्याने बहुधा तीन वर्षांपूर्वी तुझ्यासारखंच विचारलेलं असतं आणि त्याला हेच उत्तर मिळालेलं असतं. मण्यांचा व्हिडिओ त्याला दाखव. बघितल्यावर त्याला काय वाटतं ते विचार.

सरांकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नकोस आणि माफीही घेऊन जाऊ नकोस. एक कागद ने. त्यावर स्लाइडची पूर्ण लांबी-रुंदी काढ, कुठे पेशींचा सरासरी कोन किती ते मांड, शेजारी मण्यांचा वेग मांड. खाली दोन लेपांचा तक्ता. आणि म्हण, 'सर, पेशी जिथे ओळीत येत नाहीत तिथे ताणही कमी आहे असं दिसतंय. उंची आणि चिकटता पुन्हा मोजून सहा आठवड्यांत मी हे तपासते. फायब्रोनेक्टिनचा फरक टिकला तर त्यावर पुढचं काम करावं का, याबद्दल तुमचं मत हवंय.' गाईड लोकांना प्रश्न आवडतात, पण हाताशी मोजमाप असलेले. 'पुन्हा कर' हे त्यांचं उत्तर बऱ्याचदा समोर काहीच मांडलेलं नसतं म्हणून येतं. कागद बघूनही ते तेच म्हणाले, तर तुझ्या संशोधन समितीतल्या दुसऱ्या कोणाला तोच कागद दाखवायचा तुला हक्क आहे, आणि त्यात सरांचा अपमान नाही.

विषय सोडण्याचं आत्ता ठरवू नकोस. सोडूच नकोस असं मी म्हणत नाही. काही वेळा सोडणं बरोबर असतं, आणि तिसऱ्या वर्षी विषय बदललेले चांगले संशोधक मी बघितले आहेत. पण 'माझ्या हाताला गुण नाही' या कारणाने नको, कारण ते कारण तुझ्याच स्लाइडने खोटं ठरवलं आहे. सहा आठवड्यांचं काम झाल्यावर, तुला या पेशी बघण्यात अजून रस वाटतो का, एवढंच स्वतःला विचार. मधे एखादी रात्र पंपाकडे न बघता झोप. मीडियमची बाटली रिकामी होईल म्हणून अलार्म लावून उठणारी मुलं मला माहीत आहेत. मोठी बाटली लाव.

तुझ्यासारखी पत्रं मला इतर पेशींवर काम करणाऱ्यांकडूनही येतात. हाडाच्या पेशी आहेत, मूत्रपिंडाच्या नलिकेच्या आहेत, त्याही प्रवाह ओळखतात. त्यांनाही माझं हेच सांगणं : आधी द्रव बघा, मग बैठक बघा, मग पेशीला नावं ठेवा.

पुढची स्लाइड काढशील तेव्हा मायक्रोस्कोप मधून सुरू न करता कडेवर ने आणि हळूहळू आत सरकत ये. पेशी कुठल्या मिलिमीटरला वळायला लागतात ते वहीत लिही. तो आकडा मला कळव, मी वाट बघते.